पाणकणसाचा वाफा

८ जानेवारी १९७४, मंगळवार

महापालिकेची नोटीस आली! शिपायाने सही घेतली आणि कागद देताना नाकाला रुमाल लावला. थंडीचे दिवस, वास तसा कमी असतो — तरी लावला.

‘छात्रालयाच्या न्हाणीघराचे व स्वयंपाकघराचे सांडपाणी उघड्यावर सोडल्याने शेजाऱ्यांच्या आरोग्यास धोका…’ तीस जूनच्या आत बंदोबस्त करा, नाहीतर बोर्डिंग बंद. तक्रारदार — रामहरी माने, लगतचे शेतकरी.

त्रेचाळीस मुली आहेत माझ्याकडे. मोहोळच्या, मंगळवेढ्याच्या, अक्कलकोटच्या. सगळ्या बौद्ध घरांतल्या. गावात सातवीच्या पुढे शाळा नाही म्हणून इथे. बोर्डिंग बंद म्हणजे घरी. घरी म्हणजे हातात खुरपं, आणि वर्षाच्या आत लग्न.

शहराची गटार आमच्या अलीकडे अर्ध्या मैलावर संपते. इथे विजापूर रस्त्याला आम्ही, माळ, आणि रामहरींचा पेरूचा बाग. पाणी सोडायचं कुठे? आठ वर्षं इथली सुपरिंटेंडंट आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. खोटं का लिहू — पडला होता. बाजूला सारला होता.

बोर्डिंग बंद होणार नाही. एवढं आज लिहून ठेवते.

९ जानेवारी

शाळा सुटल्यावर रामहरींकडे गेले. साठीचा माणूस, बारीक, ताठ. बांधावरच उभं करून बोलले. त्यांची बायको मथुराबाई दिवाळीनंतर गेल्या, ते मला माहीत होतं. कशाने गेल्या ते मी विचारलं नव्हतं.

‘कावीळ. डोळं हळदीगत पिवळं. पंधरा दिसांत खेळ खलास. डाक्टर म्हन्ला, पानी कुटलं पिता? म्या म्हन्लं, हिरीचं. तुमच्या पोरींच्या पान्यानं बाटली माजी हीर.’

बाटली! मी म्हणाले, ‘मामा, विहीर बाटत नसते. नासते. बाटली म्हणायचे दिवस गेले.’

‘काय बी म्हना. मानूस गेलं माजं.’

परत आले. मंद्रूपला विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी राहणारी माझी आई संध्याकाळभर डोळ्यांसमोर होती. कोणी वरून पाणी घालेपर्यंत तिष्ठत राहायची. सतरा वर्षं झाली दीक्षा घेऊन, आणि हा म्हातारा मला बाटण्याच्या गोष्टी सांगतो!

१० जानेवारी

आमची स्वयंपाकीण पारूबाई शहाणी. म्हणाली, ‘भांडताय कशाला बाई? पानी जातंय कुटं ते तर बगा आदी.’

दोघी पाण्याच्या मागे चालत गेलो. न्हाणीपासून चर, चरातून खड्डा, खड्डा भरून डबकं. हिरवं-काळं, वर साबणाची साय. डबक्यापासून रामहरींची विहीर — पावलं मोजली — साठ. उतार त्यांच्याच बाजूला.

बोलायला तोंड नाही, अशी जागा.

आम्ही स्वतः पितो ते हापशाचं. बहात्तरच्या दुष्काळात मारलेली खोल बोअर आहे. म्हणून आमच्यात कोणी आजारी नाही.

१३ जानेवारी, रविवार

ट्रस्टची बैठक. अध्यक्ष महिपतीदादा, रेल्वेत फिटर. बाकीचे गिरणीतले, रेल्वेतले. प्रत्येकाने आपापलं सुचवलं. शोषखड्डा खणा — खणला होता दोन वर्षांपूर्वी, खाली काळा खडक, पंधरा दिवसांत तुडुंब. पाइप टाकून गटारीला जोडा — अर्धा मैल, मधे दोघांची शेतं, एक रामहरींचं! एक जण म्हणाला, ‘कोर्टात जाऊ, जातीवरून छळ म्हणून.’

महिपतीदादा म्हणाले, ‘कोर्टात जाऊन डबकं आटणार हाय का?’

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बी.एस्सी. झालेली मीच एकटी. वनस्पतिशास्त्र! त्याचा इथे काय उपयोग, असं माझ्याही मनात आलं.

२० जानेवारी, रविवार

मुलींना कंबर तलावावर नेलं. त्या भाकरी खात बसल्या, मी काठाने फिरत राहिले. एका कडेला वस्तीकडून घाण ओहोळ येतो. काळं पाणी. ते पाणकणसाच्या दाट झाडीत शिरतं — उदबत्तीसारखी तपकिरी कणसं येतात ना, तेच — आणि वीस-पंचवीस पावलांवर पलीकडे निघतं. पलीकडे ते काळं नव्हतं!

खाली बसून ओंजळीत घेतलं. वास नाही. बारके मासे.

दोन बाटल्या भरून आणल्या. अलीकडचं पाणी एकीत, पलीकडचं दुसरीत. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पुन्हापुन्हा बघते आहे.

२३ जानेवारी

कॉलेजात आमच्या सरांना जाऊन भेटले. आता पार थकलेत, पण बाटल्या बघितल्या आणि खुर्चीतून उठले. कपाटातून एक परदेशी मासिक काढलं. एका जर्मन बाईंनी वीस वर्षं हेच केलंय! खडीत अशी झाडं लावायची, त्यातून सांडपाणी सोडायचं. झाड मुळांपर्यंत हवा नेतं, मुळांना चिकटलेले जंतू घाण खातात. इंजिनिअर लोक त्या बाईंना हसले म्हणे.

‘तुम्हालाही हसतील,’ सर म्हणाले.

मी म्हणाले, ‘हसू देत. तीस जूनपर्यंत हसले तरी चालेल.’

२ फेब्रुवारी, शनिवार

महापालिकेचे ओव्हरसियर आले, सोमलिंगअप्पा. अक्कलकोटकडचे, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये घसरतात. मी कागदावर काढून दाखवलं — चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, दोन फूट खोल वाफा. तळाला काळी माती तुडवून घट्ट, म्हणजे पाणी खाली मुरणार नाही. वर खडी. खडीत पाणकणीस. एका टोकाने घाण पाणी आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आमच्या पपईच्या आळ्यांत.

‘अय्यो! बाई, गवत लावून गटार साफ होतंय म्हणता की हो! मी रिपोर्टात काय लिहू? गवत लावले?’

‘लिहा — गवत लावले.’

हसले खरे. पण जाताना सायकलवरून उतरून परत आले आणि विचारलं, ‘लेव्हल कशाने बघणार?’ उद्या नळी आणून देतो म्हणाले. पाणी भरलेली नळी, दोन टोकांना पातळी सारखी दिसते ती.

१० फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर खणणं. धोंडिरामबाबा आमचे पहारेकरी, तीस वर्षं गिरणीत काढलेले, पासष्टीचे. पहार मारली की जमिनीतून ठिणगी निघते. ट्रस्टची माणसं रविवारी येतात, सदरे काढून कामाला लागतात. मोठ्या मुली घमेली वाहतात. मी स्वतः टिकाव घेतला, तळहाताला चार फोड. खडू धरवत नाही.

रामहरी बांधावर उभे राहून बघतात. बोलत नाहीत. रोज येतात मात्र.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज चिखल तुडवला! त्रेचाळीस मुली, परकर खोचून, एका ओळीत. गाणी म्हणत होत्या. पारूबाई मधेच उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली, दोघींनी ओढून काढली. इतकं मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

२४ फेब्रुवारी, रविवार

पाणकणीस लावलं. हातगाडीवरून तलावाहून गड्डे आणले, तीन खेपा. वीतभर अंतरावर एकेक. मुलींनी आपापली झाडं वाटून घेतली.

दुपारी चार वाजता न्हाणीचं पाणी वाफ्यात सोडलं. खडीत गेलं आणि दिसेनासं झालं. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मी बाहेरच्या नळीपाशी जाऊन बसले. दीड तासाने थेंब आला.

काळा. असो. पहिलाच दिवस आहे.

१९ मार्च

काहीतरी चुकतंय.

झाडं पिवळी पडली. पाणी खडीच्या वर साठतं, तसंच राहतं. वास डबक्यापेक्षा वाईट! संध्याकाळी डासांचे थवे. मुली खिडक्या लावून बसतात, या उकाड्यात.

रामहरी आज बोलले. ‘आता डास बी पाळलं का बाई?’

 

२१ मार्च

सोमलिंगअप्पा बघून गेले. हसले नाहीत, तेच जास्त लागलं. ‘अजून शंभर दिवस आहेत की,’ म्हणाले. अजून की फक्त?

२२ मार्च

सकाळी मीच वाफ्यात उतरले. हाताने खडी काढली. दगडांमधल्या सगळ्या फटी बुजलेल्या — राखाडी, चिकट लगदा. नखाने खरवडून बघितलं. राख! भांडी घासायची राख, भाताची पेज, तेलाचा ओशटपणा.

पारूबाईला सांगितलं तर चिडली. ‘राखंबिगर भांडी निगत्यात व्हय? पन्नास मानसांची भांडी हायत!’

‘राख वापर. पण ती वाफ्यात जायला नको.’

पदर खोचून ती चराकडे गेली. मग म्हणाली, ‘आमच्या आईच्या घरी पिंपात काथ्या भरून पानी गाळायची. दुष्काळात.’

हे मला मासिकात सापडलं नव्हतं!

३१ मार्च, रविवार

सगळी खडी उपसली, धुतली, परत भरली. आठ-नऊ दिवस — शाळा सांभाळून. सुरुवातीला आता दोन पिंपं ठेवली. पहिल्यात राख आणि चोथा तळाला बसतो, दुसऱ्यात काथ्या, तेल तिथे अडकतं. दर शनिवारी पारूबाई काथ्या बदलणार, कबूल केलंय.

आणि दुसरं — बाहेरची नळी वळवून पातळी अशी ठेवली की पाणी खडीच्या खाली चार बोटं राहील. वर दिसायलाच नको. पाणी दिसत नसेल तर डास अंडी कुठे घालणार? ही युक्ती सोमलिंगअप्पांची. नळी धरून स्वतः गुडघ्यावर बसले होते, ऑफिसच्या पॅंटमध्ये.

मेलेली झाडं काढून नवी लावली. अर्धी मूळची तगली आहेत.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. मुलींनी फोटोला हार घातला, आणि कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, एक हार वाफ्याच्या खांबालाही!

झाडं कमरेएवढी. वास नाही. नाही म्हणजे नाही.

६ मे, सोमवार

मुली सुटीला गेल्या. त्रेचाळीस जणींचं पाणी एकदम बंद. वाफा वाळेल! बेचाळीस डिग्री ऊन आहे.

मी, पारूबाई आणि धोंडिरामबाबा उरलोय. तिघं दिवसातून दोनदा आंघोळ करतो. वाफ्यासाठी!

१० मे

रेल्वेचा संप परवापासून सुरू झालाय. महिपतीदादांना आज सकाळी पकडून नेलं. ट्रस्टचे आणखी दोघं. वहिनी रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘बाई, तुमी तिकडचं बगा. हितलं मी बगते.’

म्हणजे तीस जूनचं सगळं आता माझ्या एकटीवर.

१२ मे, रविवार

पारूबाईने आज काय केलं! माळावरच्या वस्तीत जाऊन बायकांना सांगून आली — ‘धुनं घिऊन या. हापसा हाय, दगड हाय, कोन काय म्हनत न्हाई.’ पंधरा-वीस जणी आल्या, गाठोडी घेऊन. दुपारपर्यंत धुणं आपटत होत्या. सगळं पाणी वाफ्यात.

एका म्हातारीने विचारलं, ‘ह्ये कणसं खायाची असत्यात का?’ मी म्हणाले, ‘नाही, ही घाण खातात.’ तिला ते पटलं. लगेच पटलं. साहेब लोकांना पटायला अजून दीड महिना आहे.

१५ जून, शनिवार

मुली आल्या. आल्याआल्या दप्तरं टाकून वाफ्याकडे धावल्या. पाणकणीस आता त्यांच्यापेक्षा उंच आहे. पहिलं कणीस निघालंय.

एक मुलगी आली नाही. लग्न झालं. चौदावं सरलं नव्हतं.

२८ जून, शुक्रवार

सुनावणी. टेबलाच्या पलीकडे आरोग्याधिकारी, अलीकडे एका खुर्चीत रामहरी, एकीत मी. दोन बाटल्या घेऊन गेले होते. एक पिंपाच्या आधीची, एक वाफ्यानंतरची. साहेबांनी दुसरीचं बूच काढलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. ‘हे नळाचं भरलंय का?’

मी काही बोलायच्या आत सोमलिंगअप्पा म्हणाले, ‘माझ्यासमोर भरलंय साहेब. मी स्वतः भरलंय.’

साहेबांनी विचारलं, ‘आणि संडासाचं?’

‘त्याची वेगळी टाकी आहे, सिमेंटची. सत्तर साली ठेकेदाराकडून पक्की बांधून घेतली.’

त्यांनी कागदावर खूण केली. नमुना प्रयोगशाळेत जाणार. निकाल येईपर्यंत बोर्डिंग चालू!

बाहेर जिन्यात रामहरी भेटले. वाट देऊन उभे राहिले. मी ‘येते मामा’ म्हणाले. त्यांनी मान हलवली असावी. नक्की सांगता येत नाही.

१५ जुलै, सोमवार

निकाल आला. बागेला, शेताला वापरण्याजोगं पाणी. नोटीस रद्द!

मुलींना शिरा केला. महिपतीदादा सुटून आलेत, नोकरीवर अजून घेतलेलं नाही, तरी आले. वाफ्याच्या कडेने चालत राहिले, दोन फेऱ्या. शेवटी म्हणाले, ‘आमी चाकं फिरवतो. तुमी पानी फिरवलं.’

सरांना पत्र टाकलं. हसायचं असेल तर आता हसा, असं लिहिलं!

२२ जुलै

आनंद सात दिवस टिकला.

रामहरी दुपारी फाटकात आले. पहिल्यांदाच. त्यांची सून, सोनाबाई — चौथा महिना — तिचे डोळे पिवळे झालेत. सिव्हिलमध्ये नेऊन आणलं.

आवाज चढवला नाही. ‘तुमचं पानी चांगलं झालं म्हनत्यात. झालं आसंल. माजी हीर न्हाई झाली.’

मला खरं तर राग आला. सहा महिने हाडं झिजवली, सरकारी कागद हातात आहे, आणि बोट आमच्याकडेच! पण सोनाबाईचं वय तेवीस. मी म्हणाले, ‘विहिरीचं पाणी एक घोटही देऊ नका तिला. आमच्या हापशाचं न्या.’

ते गेले.

नेणार नाहीत. आमच्या हापशाचं कसं नेतील?

२३ जुलै

नेलं.

सकाळी साडेसहाला दोन घागरी घेऊन स्वतः आले. पारूबाईने दांडा मारला, त्यांनी घागर धरली. दोघंही खाली बघत होती. घागर भरल्यावर म्हणाले, ‘उद्या येऊ का?’

पारूबाई म्हणाली, ‘रोज या की.’

आणि ते गेल्यावर पदराने डोळे पुसले. मी दिसू नये म्हणून कोठीत गेले.

३० जुलै

सोनाबाई जरा बरी. उसाचा रस, ताक, उकळलेलं पाणी. रामहरी रोज येतात. आज चार पेरू ठेवून गेले, पायरीवर.

पण विहिरीचं मला स्वस्थ बसू देत नाही. आमचं नव्हे, हे एकदा सिद्ध व्हायला हवं. बोर्डिंगवरचा डाग पुरता जायला हवा. सोमलिंगअप्पांना विचारलं, पाणी कुठून कुठे जातं ते कळायला काही मार्ग आहे? म्हणाले, ‘रंग टाकायचा बाई. रंगाला खोटं बोलता येत नाही.’

३ ऑगस्ट, शनिवार

साखर पेठेत सुंदरम्माकडे गेले. सूत रंगवतात त्यांच्या घरी, अंगणभर लाल-निळ्या लडी. मी शाळेत तिच्या मुलीला शिकवलं. म्हणाली, ‘कुठला पण रंग देतो मी तुम्हाला बाई. पण गुलाबी घ्या. थोडा पण लपत नाही.’ कागदात पुडी बांधून दिली. तिचे हात कोपरापर्यंत गुलाबी होते.

रामहरींना आधी सांगितलं. विहिरीचं पाणी आता त्यांच्याकडे कोणी पीत नाही, तरी सांगितलं.

‘टाका. पर माज्या म्होरं टाका.’

४ ऑगस्ट, रविवार

त्यांच्यासमोर, सोमलिंगअप्पांसमोर, अर्धी पुडी वाफ्याच्या तोंडाशी टाकली. मुली आनंदाने ओरडल्या.

१२ ऑगस्ट, सोमवार

आठ दिवस विहिरीतलं पाणी रोज पांढऱ्या वाडग्यात घेऊन बघितलं. रंगाचा मागमूस नाही! वाफ्याचा तळ घट्ट आहे. त्रेचाळीस मुलींनी तुडवलाय, कसा गळेल?

रामहरींना म्हणाले, ‘बघा मामा.’ आवाजात माज होता थोडा, आता लिहिताना कळतंय.

सोमलिंगअप्पा मात्र संडासाच्या टाकीकडे बघत होते. ‘खाली काळा खडक की हो. खडकाला भेग असली, टाकीला तडा असला, तर पाणी कुठंही जातंय. ते पण बघू या एकदा.’

मी म्हणाले, ‘जरूर बघू. म्हणजे पुन्हा कोणाला शंका नको.’ उरलेली पुडी माझ्याच हाताने टाकीत टाकली. रामहरी शेजारी उभे होते.

१४ ऑगस्ट

काही नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आजही नाही. उद्या शेवटचं बघायचं, मग हे प्रकरण मिटलं. सोमलिंगअप्पा वाफ्याचं रेखाटन वरच्या ऑफिसला पाठवणार आहेत. आणखी दोन शाळांनी विचारलंय. मुलींच्या घरी कळवायचं पत्र लिहायला घेतलंय — आपल्या बोर्डिंगचं पाणी शेजाऱ्याला बाधत नाही, हे आता शास्त्राने…

बाकीचं उद्या.

१७ ऑगस्ट, शनिवार

पहिली बादली रामहरींनीच ओढली. पाणी गुलाबी.

मी म्हणाले, ‘मामा, मथुराबाई आमच्या पाण्याने गेल्या.’

त्यांनी बादली बांधावर उपडी केली. तिथेच वाकून होते. म्हणाले, ‘आदी टाकी बंद करा बाई. रडायचं मागनं.’

टाकी बंद केली. धोंडिरामबाबा संडासाच्या पाण्यासाठी दुसरा वाफा आखताहेत. दोरीचं दुसरं टोक रामहरींच्या हातात आहे.